‘राहू दे’चं भाषांतर

कर्लिंगबद्दल मी इतक्या वेळा बोललोय, की घरात तो शब्द निघाला की माझी मुलं उठून वरच्या मजल्यावर जातात. ऑफिसच्या अवे-डेला, म्हणजे वर्षाच्या सहलीला, बोललो. वेम्बलीत मंडळाच्या गणपतीत बोललो. कॉव्हेंट्रीला डॉक्टर मंडळींच्या स्नेहसंमेलनात तर जेवणाच्या आधी बोललो — आणि लोकांनी ऐकून घेतलं, म्हणजे माणसं किती सज्जन असतील बघा. ‘बर्फावरचं नेतृत्व’ असं भाषणाचं नाव. त्यात माझं पहिल्या दिवशीचं आपटणं आहे, आमचा पहिला विजय आहे, आईनं व्हिडिओ कॉलवर खेळ बघून ‘एवढा शिकलास, आणि शेवटी तिकडे केर काढतोस?’ असं विचारलं होतं, तेही आहे. तिथं हमखास हशा येतो.

एक गोष्ट मात्र त्यात नाही. म्हणजे — आहे, पण उलटी करून सांगितलेली आहे. सुलटी मी आजवर कुणापुढे काढलेली नाही. बायकोपुढेही नाही, आणि तिला मी काय सांगत नाही? दाढदुखीपासून शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत सगळं सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आधी खेळ सांगतो. हो, पुन्हा खेळाकडेच पळालो. पण तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बर्फाची एक लांबलचक पट्टी असते. एका टोकाला उभं राहून ग्रॅनाइटचा एक जड, मूठ बसवलेला दगड सरकवायचा. दुसऱ्या टोकाला बर्फात रंगीत वर्तुळं असतात, तिथं मध्यभागी तो थांबायला हवा. दगड सुटला की दोघं जण त्याच्या पुढे पुढे धावत ब्रशनं बर्फ घासतात. घासलं की दगड लांब जातो, घासणं थांबवलं की मंदावतो. कॅप्टन पलीकडच्या वर्तुळात उभा राहून ओरडतो — घासा, थांबा, घासा. घासणाऱ्यांची नजर दगडावर असते, कॅप्टनकडे बघायला त्यांना सवड नसते. ते फक्त त्याच्या आवाजावर विश्वास ठेवतात. माझ्या भाषणातला पहिला धडा हाच. इथं मी एक क्षण थांबतो आणि लोकांकडे बघतो.

आमचं ऑफिस इंग्लंडात, बेसिंगस्टोकला. आमचा साहेब ग्रॅहम, त्याला टीम-बिल्डिंगचं भारी वेड. एका हिवाळ्यात त्यानं आम्हाला केंटमधल्या एका बर्फाच्या रिंकवर नेलं आणि मग कंपन्या-कंपन्यांच्या रविवारच्या सामन्यांत आमचं नावच घालून टाकलं. चौघांची टीम. अकाउंट्समधली पॉलीन, बार्न्सलीचा टेरी, मुग्धा आणि मी. कॅप्टन मी. का मी? कारण मी सगळ्यात वाईट घासायचो आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडायचो.

इंग्रज लोक घासणं थांबवायला ‘ऑफ’ म्हणतात. पण घाई झाली की माझं इंग्रजी आटतं. माझ्या तोंडून निघायचं ‘राहू दे!’ मुग्धाला कळायचंच, पण काही रविवारांत टेरीही शिकला. ‘राऊ डे!’ असं तो ओरडायचा, आणि ऑफिसात मीटिंग लांबली की हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, ‘राऊ डे, मेट.’ ‘राहू दे’ हा आमच्या टीमचा अधिकृत शब्द झाला. एवढं लक्षात ठेवा.

आणि आणखी एक. या खेळात साध्या सामन्यांना पंच नसतो. घासताना ब्रश धावत्या दगडाला लागला तर दगड ‘बर्न’ झाला म्हणतात. आम्ही म्हणायचो, दगड जळला. तो जळल्याचं कुणी सांगायचं? ज्याच्या हातून जळला त्यानं. त्यानं हात वर करायचा, आपल्या तोंडानं सांगायचं, मग त्या दगडाचं काय करायचं ते समोरची टीम ठरवते. दुसऱ्या कुणी बोट दाखवायचं नसतं. ही या खेळाची रीत. नियमाच्या वरची. भाषणातला तिसरा धडा हाच आहे, आणि टाळ्या यालाच सगळ्यात जास्त पडतात.

आता मुग्धा.

मुग्धा माझ्यापेक्षा हुशार. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली! पुण्याच्या ऑफिसात आम्ही शेजारच्या टेबलांवर होतो. मी आधी इकडे आलो, मग ग्रॅहमच्या मागे लागून तिला बोलावून घेतलं. ती, तिचा नवरा शैलेश आणि छोटी सई. घर मिळेपर्यंत तिघं आमच्याकडेच राहिली. घरही मीच शोधलं, आमच्या मागच्या रस्त्यावर. सई शाळेतून थेट आमच्याकडे यायची आणि ‘काकू, माझा भूक लागला’ म्हणायची. इथल्या शाळेत गेल्यावर तिच्या मराठीतली स्त्रीलिंगं एकेक करून गळून पडली होती. आम्ही खूप हसायचो. त्या दोन घरांत कुणाचा डबा कुठला हेही कळेनासं झालं होतं.

दगड जळला की मुग्धा हात वर करायचीच. एकदा तर आम्ही जिंकत होतो, कुणाच्या बापाला दिसलं नव्हतं, टेरीलाही नाही — आणि हिनं हात वर केला. हरलो. परतीच्या वाटेवर मी गाडीत तोंड फुगवून बसलो. म्हटलं, कुणाला कळलं होतं गं? तर म्हणाली, ‘अरे मक्या, दगडाला कळलं ना!’ आणि स्वतःच खो खो हसली.

तर अशी ती. आणि अशा माणसाबद्दल मी आजवर — थांबा. एक टप्पा राहिला.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे डिलिव्हरी लीडची, म्हणजे प्रोजेक्टप्रमुखाची, जागा निघाली. मी अर्ज केला. ती माझीच आहे असं मी धरून चाललो होतो, आणि मुग्धापुढे तसं बोललोही होतो. ती ‘हं’ म्हणाली होती. त्या ‘हं’कडे मी लक्ष दिलं नाही. मग एका शुक्रवारी कॉफीच्या मशीनपाशी ग्रॅहम मला म्हणाला, ‘तू आणि मुग्धा, दोघेही रिंगणात! मस्त!’ त्याला वाटलं मला माहीत असेल.

मला माहीत नव्हतं.

तुम्हाला कधी असं झालंय का? समोर माणूस हसतोय, तुम्हीही हसताय, आणि आत सगळं फाटत चाललंय? मी हसून कॉफी घेतली. जागेवर आलो. समोर मुग्धा हेडफोन लावून कुणाला तरी काहीतरी समजावत होती. मी तिच्याकडे बघत बसलो. जिला मी इथं आणलं, जिची पोर माझ्या घरी जेवते, तिनं माझा केसानं गळा कापला! माझ्या पाठीमागून अर्ज केला, आणि रोज दुपारी माझ्याच डब्यातलं लोणचं खातेय! शुक्रवार, शनिवार मी हेच चघळत होतो. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अरे, विचार ना तिला. आणि मला विचारायचं नव्हतं.

रविवारी सामना होता. नेहमीप्रमाणे माझी गाडी, शेजारी मुग्धा. एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर गर्दी होती. मधेच ती म्हणाली, ‘मक्या, तुला एक सांगायचंय. परवापासून घोकतेय, पण सुधरत नाहीये.’

मला कळलं ती काय सांगणार आहे ते. चांगलं कळलं. आणि मी म्हणालो, ‘मॅच होऊ दे गं. नंतर.’ रेडिओचा आवाज वाढवला.

का? कारण तिनं सांगितलं असतं तर तिनं मला सांगितलं असं झालं असतं. मग माझ्या रागाचं मी काय करायचं होतं? दोन दिवस जपलेला राग होता तो. मला फसवलं गेलेलंच राहायचं होतं. फसवलं गेलेल्या माणसाला एक मोकळीक असते — त्यानं पुढे काहीही केलं तरी त्याला ते चालतं. ही मोकळीक मी त्या गाडीत, रेडिओचं बटण फिरवून, मिळवली.

सामना इन्शुरन्सवाल्यांशी होता. त्यांचा कॅप्टन आयन, निवृत्त झालेला स्कॉटिश म्हातारा, या खेळात मुरलेला. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. पॉलीननं दगड सोडला, आणि तो काय सुरेख आला! मुग्धा आणि टेरी घासत आले. मी वर्तुळात उभा. दगड वर्तुळात शिरला, मंदावला, टेरीनं ब्रश उचलला. मुग्धाचा ब्रश निघता निघता दगडाच्या कडेला लागला. हलकेच. पण लागला. मी तिथंच होतो, दोन-चार पावलांवर. मला स्वच्छ दिसलं.

दगड मधोमध थांबला. मुग्धा ताठ झाली, तिचा हात वर निघाला.

आणि मी ओरडलो, ‘राहू दे, मुग्धा! राहू दे!’

दगड थांबलेला होता हो. कुणीही घासत नव्हतं. थांबलेल्या दगडाला कोण कशाला ‘ऑफ’ म्हणेल? पण रिंकवर सगळेच ओरडत असतात, माझ्या ओरडण्याची तर सगळ्यांना सवयच होती. तो शब्द फक्त एकाच माणसाला वेगळा ऐकू आला. तिनं माझ्याकडे बघितलं. वर निघालेला हात तिनं केसांकडे नेला, बट कानामागे सारली, आणि खाली घेतला.

आम्ही जिंकलो. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पहिलं ड्रिंक पाजायचं, हीसुद्धा या खेळाची रीत. मी आयनला बिअर घेऊन दिली. त्यानं माझी पाठ थोपटली, चांगला खेळलात म्हणाला. मुग्धा संत्र्याचा ज्यूस घेऊन खिडकीपाशी बसली होती.

परत येताना तिनं रेडिओ बंद केला. मग म्हणाली, ‘मी उद्या त्यांना फोन करून सांगू का?’

‘काय सांगणार? संपलं आता. कप वाटत नव्हते कुणी तिथं.’

‘तू म्हणालास म्हणून गप्प बसले मी.’

मी रेडिओ पुन्हा लावला. जे सांगायचं होतं ते तिनं काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

इथपर्यंतच असतं तर? खेळातली एक लबाडी, एवढंच राहिलं असतं. असल्या लबाड्या माणसं मोठेपणी हसत सांगतात. मीही सांगितली असती. पण पॉलीनच्या नवऱ्यानं तो शेवटचा डाव फोनवर घेतला होता. कंपनीच्या पानावर तो कौतुकानं चढवला गेला. आयनच्या टीममधल्या कुणीतरी तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आयननं ग्रॅहमला फोन केला. तक्रार नव्हती. निकाल बदलायचा नव्हता. फक्त, ‘तुम्हाला माहीत असलेलं बरं, म्हणून.’ इतक्या सभ्यपणे सांगितलेलं इंग्रज माणसाला सहन होत नाही. ग्रॅहमचा चेहरा पडला.

त्यानं आम्हाला चौघांना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. स्क्रीनवर व्हिडिओ लावला. ब्रश लागतो. हात निघतो. माझा आवाज. हात केसांकडे जातो. त्यानं तेवढाच तुकडा पुन्हा लावला, आणि मला विचारलं — मला, तिला नाही — ‘हे तू काय ओरडलास? याचा अर्थ नेमका काय?’

आता तुम्हीच सांगा, ‘राहू दे’चा अर्थ नेमका काय? पाहुण्याला वाढायला लागलो की तो म्हणतो राहू दे. रिक्षावाला सुटे शोधायला लागला की आपण म्हणतो राहू दे. भांडण वाढायला लागलं की मधे पडणारा म्हणतो राहू दे. कुणी रडत रडत काही सांगायला लागलं आणि आपल्याला ऐकवेना की आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, राहू दे. नको बोलूस. गप्प बस. त्या खोलीत हे सगळं ठाऊक असलेली दोनच माणसं होती, आणि भाषांतराचं काम माझ्याकडे आलं होतं.

मुग्धानं माझ्याकडे बघितलं. तिची नजर शांत होती. मी सांगणार याची तिला खात्री होती. मला आजही सगळ्यात जास्त सलते ती ती खात्री.

मी म्हणालो, ‘ऑफ. घासणं थांबवा. आमचा कॉल आहे तो.’

टेरी लगेच म्हणाला, ‘हो, बरोबर. राऊ डे म्हणजे ऑफ. मीपण तेच ओरडतो.’ बिचारा टेरी! तो खरं बोलत होता. त्याच्यापुरतं शंभर टक्के खरं. त्याच्या खऱ्याच्या आडोशाला मी उभा राहिलो.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं की मी खोटं बोललोच नाही. अर्धं भाषांतर केलं, एवढंच. वकिलासारखा युक्तिवाद. पण पुढे ग्रॅहमनं विचारलं, ‘ब्रश लागला हे तुला माहीत होतं?’

आणि मी म्हणालो, ‘नाही.’

त्या एका शब्दाला कुठलाही दुसरा अर्थ नाही. कुठल्याही भाषेत नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. कुणी विचारलेलं नसताना मी पुढे म्हणालो, ‘तिनं मला सांगायला हवं होतं. मला वाईट याचंच वाटतं.’ आणि मला खरोखर वाईट वाटत होतं! मी त्या अर्जाबद्दल बोलत होतो ना. तिनं मला सांगायला हवं होतं. ग्रॅहमनं ते दगडाबद्दल ऐकलं, आणि मी ते तसं ऐकू दिलं.

मग सगळे तिच्याकडे वळले. ती बोलू शकत होती. पण काय बोलणार होती? आमच्या भाषेत याचा दुसराही अर्थ होतो म्हणून? साहेबासमोर, मित्राविरुद्ध, साक्षीला एक शब्द घेऊन? ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, की मी सांगायला हवं होतं. माझी चूक. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. त्या दिवसानंतर तिनं माझ्याकडे तसं कधीच बघितलं नाही.

इंग्लंडमध्ये कुणी कुणावर ओरडत नाही. तिला कुणी काढलं नाही, कुणी बोललंही नाही. फक्त ‘ट्रस्ट’ हा शब्द इकडे तिकडे हलक्या आवाजात ऐकू यायला लागला. ‘जजमेंट’ हा दुसरा. मोठ्या कामांच्या मेलवर तिचं नाव येईनासं झालं. टीममध्ये टेरीच्या मेहुणीला घेतलं. लीडची जागा मला मिळाली. मुग्धानं माझं अभिनंदन केलं, हात मिळवून. डब्याच्या वेळी मात्र ती आता जागेवरच बसायची.

तिनं अर्ज का केला होता ते मला कधी कळलं, माहीत आहे? तिघं परत निघाली त्या दिवशी. हो, हीथ्रोला मीच सोडलं त्यांना. बॅगाही मीच उचलल्या. मुग्धा आणि सई मागे बसल्या होत्या, सई खिडकीकडे तोंड करून मुसमुसत होती. पुढे शैलेश माझ्या शेजारी. तो अगदी सहज म्हणाला, ‘ती जागा मिळाली असती तर इथल्या कंपनीनं व्हिसा दिला असता, मकरंदराव. पुण्याच्या ऑफिसनं बदलीवर काढलेला आमचा व्हिसा संपतच आला होता. म्हणून तर हिनं अर्ज केला. सईची शाळा तरी इथं झाली असती. तुम्हाला बोलली असेलच ती.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘बोलली होती.’

मला इथं कायमचं राहायची परवानगी मिळून गेली होती. ती जागा मिळाली नसती तर माझं काय होणार होतं? थोडे दिवस चिडचिड. बस. तिचं सगळं घर त्या जागेवर टांगलेलं होतं, आणि तेच ती मला गाडीत सांगणार होती. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. डोळे मिटले होते. झोपली नव्हती.

मग माझी भाषणं सुरू झाली. ग्रॅहमनंच सुचवलं, की या प्रसंगातून टीमनं शिकायला हवं. तिसऱ्या धड्याला एक उदाहरण हवंच होतं. ‘आमच्या टीममधल्या एका सहकाऱ्यानं एकदा दगड जळल्याचं सांगितलं नाही...’ असं मी सांगतो. नाव घेत नाही. हे माझं औदार्य! लोक माना हलवतात. कॉव्हेंट्रीला एका तरुण डॉक्टरीण बाईंनी विचारलं, ‘त्यांचं पुढे काय झालं हो?’ मी म्हणालो, ‘भारतात परतल्या.’ पुढच्या रांगेतून कुणीतरी च् च् केलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं.

या दिवाळीत पुण्याला गेलो होतो. भावाकडे उतरलो होतो. बँकेत शैलेश भेटला. ‘घरी आल्याशिवाय सोडणार नाही,’ म्हणाला, आणि सोडलं नाहीच. मी बहाणे केले, पण माझा हात धरून त्यानं मला स्कूटरवर बसवलं. वाटेतच मुग्धाला फोन करून मी येतोय म्हणून कळवलं.

दार तिनंच उघडलं. ‘ये,’ म्हणाली. केस पिकायला लागलेत. सई कॉलेजला गेली होती. दिवाणखान्यात बसलो, आणि ती आत गेली. पोह्यांचा वास यायला लागला. शैलेशनं इंग्लंडची चौकशी केली, घरांच्या किमती विचारल्या. मुग्धा बशा घेऊन आली, आमच्या हातात दिल्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

तेव्हा शैलेश घसा खाकरून म्हणाला, ‘मकरंदराव, एक बोलायचं राहून गेलंय. तेव्हा विमानतळावर मला जमलं नाही. हिनं मला तेव्हाच सगळं सांगितलं होतं. चूक हिची होती, तरी तुम्ही साहेबाशी भांडलात. तुम्ही नसतात तर कंपनीनं हिला तिथल्या तिथं नारळ दिला असता, इथं पुण्याला परत घेतलंच नसतं. आज हे घर आहे ते त्या नोकरीवर. तुमचे उपकार आहेत.’

आणि त्यानं हात जोडले. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस.

तिनं त्याला हे सांगितलं होतं. तिनं का सांगितलं असेल? मला वाचवायला? की ज्याच्या घरी आपण जेवलो-झोपलो त्यानंच आपल्याला असं विकलं, हे नवऱ्यापुढे बोलायची तिलाच लाज वाटली? मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. एवढं दिसलं, की चूक तिची होती असं धरून तो तिच्याबरोबर इतकी वर्षं राहत होता. तिनं त्याला तसं धरू दिलं होतं.

मी दाराकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता. ती थांबली होती. शैलेशचे हात अजून जोडलेलेच होते, आणि मला हवा तेवढा वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. भाषांतराचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, ‘अहो, त्यात काय एवढं.’

मुग्धा आत गेली. पातेल्याचं झाकण वाजलं. ती पुन्हा बाहेर आली ती पोह्यांनी भरलेला डाव घेऊन. पुण्याच्या ऑफिसपासून, लोकांसमोर, साहेबासमोर, माझ्या बायकोसमोर, भांडतानासुद्धा या बाईनं मला ‘अरे मक्या’शिवाय हाक मारलेली नव्हती. ती माझ्यासमोर वाकली आणि म्हणाली, ‘अजून घेणार का तुम्ही?’

मी बशी पुढे केली.